चिंधूचं भेव

निंबाजी गुरुजींइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. ते रागावले नाहीत. "हाव बाई," ते म्हणाले, "म्हणून तं अजून जिता हाय मी."

उंद्रीहून आत, बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर त्यांचं गाव. तिथल्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी चिखलीत वाढलेली, नुकतीच ट्रेनिंग संपवलेली, आणि जगात शहाणी मी एकटीच अशी माझी समजूत होती. गुरुजी मला घ्यायला फाट्यावर आले. हातात कमरेइतकी काठी. आधी काठी ठोकायची, मग पाऊल टाकायचं. कुठल्या निंबाची फांदी वाळलेली आहे, कुणाचा बैल मारका आहे, कुठल्या बांधावर साप निघतो, हे सगळं त्यांनी मला वाटेत दाखवून दिलं. त्या वाटेनं पुढे मी कैक वर्षं येजा केली आणि मला एकदाही साप दिसला नाही. तसं सांगितलं की म्हणायचे, "मंग? काठीनंच पळाले ना ते."

पाणी प्यायचं तर आधी लोटा उजेडात धरून आत पाहायचे. आभाळ नुसतं गुरगुरलं की चिंचेखालचा वर्ग उचलून व्हरांड्यात. आणि पोरं मोजायचे. शाळा भरताना, मधल्या सुट्टीनंतर, शाळा सुटताना, बोटाच्या पेरांवर, ओठातल्या ओठात. एखादं कमी भरलं की चेहरा उतरायचा, मग ते पोर लघवीला गेलेलं का असेना. हेडमास्तर त्यांची थट्टा करत, गावकरी करत, आणि पहिल्या महिन्यातच मीही करायला लागले.

पण या सगळ्या भीतींची आई एकच होती, पाण्याची. गावात जुनी दगडी बारव होती, तीन बाजूंनी पायऱ्या खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या. गुरुजी तिच्यापासून पन्नास पावलं लांब राहत. शाळेत यायचा जवळचा रस्ता तिच्या काठानं होता, म्हणून ते गावाला वळसा घालून येत. मी विचारलं होतं, लहानपणी कोणी बुडालं का घरातलं? "नाही वो. भेवाले कारण काऊन लागते, बाई? लागलं का लागलं."

आणि अशा माणसानं पोरांसाठी जे केलं, ते पुढे मुंबईपर्यंत गेलं.

शनिवारी आमची शाळा सकाळची. शेवटच्या तासाला व्हरांड्याच्या दोन खांबांना घोंगडी बांधली जायची आणि तिच्यावरून चिंधू डोकं काढायचा. चिंधू ही हातात घालायची बाहुली. गुरुजींनीच केलेली. रद्दी भिजवून, कुटून, कीड लागू नये म्हणून त्यात मेथ्या वाटून घालून लगद्याचं डोकं, अंबाडीच्या सालीचे केस, आणि जुन्या सदऱ्याच्या बाहीचं अंग. जवळ गेलं की मेथ्यांचा वास यायचा. डोळे मोठे, भुवया वर गेलेल्या. त्या चेहऱ्यावर दुसरं काही शोभलंच नसतं.

चिंधू सगळ्याला भ्यायचा. न्हाव्याला, बकरीला, अंधाऱ्या कोठीला, नव्या बाईंना म्हणजे मला. नाकातून बारीक आवाज काढून म्हणायचा, "मले भेव लागते!" की समोरची साठ-सत्तर पोरं एका सुरात ओरडायची, "भेऊ नको, चिंधू!" मग चिंधू एक पाऊल पुढे टाकायचा. पुन्हा भ्यायचा, पुन्हा पोरं ओरडायची, पुन्हा एक पाऊल. शेवटी बकरी त्याचा हात चाटायची आणि शाळा सुटायची. खेळ एवढाच. दर शनिवारी तोच. घरी आईचा पदर न सोडणारी पोरं तिथे चिंधूला धीर द्यायला छाती पुढे काढून उभी राहत. त्यात खोटं काही नव्हतं, कारण घोंगडीमागचा माणूस खरोखरच भ्यायलेला असायचा. मी एकदा मागून पाहिलं होतं. बकरीच्या खेळात गुरुजींच्या कपाळावर घाम होता.

एका वर्षी देवी टोचायला सरकारी माणूस आला आणि सगळी पोरं शेतात पळाली. गुरुजींनी शनिवारी चिंधूचा दंड पुढे करून त्याला टोचून घ्यायला लावलं. पोरं घसा फुटेस्तोवर ओरडली. सोमवारी तोच माणूस परत आला तर पोरं रांगेत उभी, बाह्या वर, आणि एकमेकांना "भेऊ नको, चिंधू" म्हणतायत. तेव्हापासून आजूबाजूच्या शाळांतून बोलावणी यायला लागली. तपासनीस साहेबांनी शेरेबुकात चार ओळी लिहिल्या. हेडमास्तर थट्टा विसरले.

आता माझी चूक सांगते. वर्षामागून वर्षं खेळ चालला. भ्यायच्या गोष्टी संपत आल्या, विंचू दुसऱ्यांदा येऊन गेला. एक दिवस मी म्हणाले, "गुरुजी, चिंधू जगाला भितो, फक्त तुमच्या बारवेला भीत नाही. का हो? तिथे पोरं कितीही ओरडली तरी त्याचं पाऊल उचलायचं नाही म्हणून?" मला वाटलं, मी मोठं मार्मिक बोलले. पण पुढच्या शनिवारी घोंगडीवर पुठ्ठ्याच्या पायऱ्या मांडलेल्या होत्या.

"मले बारवीचं भेव लागते," चिंधू म्हणाला. पोरं ओरडली. चिंधू एक पायरी उतरला. दुसरी. तिसरी. चौथ्या पायरीवर थांबला. पोरं ओरडत राहिली, आवाज वाढत गेला, आणि चिंधू हलेना. घोंगडीमागे काय चाललं होतं ते मला कळलं, पण मी हसत उभी राहिले. शेवटी घंटा झाली. गुरुजींनी आपल्या आवाजात सांगितलं, "बाकी पुढच्या शनवारी." चिंधू पेटीत गेला. पोरं घरी गेली, पण खेळ अर्धा राहिला होता, असं कधीच झालं नव्हतं.

दुसरीत वच्छी नावाची मुलगी होती. गावाबाहेर भाजीचा मळा करणाऱ्या माळ्याची लेक. कमी बोलणारी. पाटीवर गणित अर्धं राहिलं तर घंटा झाली तरी जागची उठायची नाही. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर गुरुजी पोरं मोजत होते. एक कमी. पुन्हा मोजली. "वच्छी कोठी गेली?" कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, घरी गेली असेल भाकरी खायला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते कोपऱ्यातल्या पेटीकडे गेले. झाकण उघडं होतं. आत चिंधू नव्हता.

मला समजायला वेळ लागला. त्यांना लागला नाही. काठी तिथेच टाकून ते धावले. मीही मागे धावले, आणि ते गावाचा वळसा घेत नाहीयेत हे पाहिलं तेव्हा ते कुठे निघालेत ते मला उमगलं.

दुपारची वेळ, बारवेवर चिटपाखरू नव्हतं. वच्छी अगदी खालच्या पायरीवर उकिडवी बसली होती, आमच्याकडे पाठ करून. खालच्या पायऱ्या शेवाळानं हिरव्यागार. तिच्या उजव्या हातात चिंधू होता आणि तिनं त्याचं तोंड पाण्याकडे धरलं होतं. तिचा बारीक आवाज वर येत होता. "पाह्य ना. काहीच तं नाही. पाणीच हाय."

मी हाक मारायला तोंड उघडलं. गुरुजींनी माझ्या तोंडावर हात दाबला. हाकेनं ती दचकून वळली असती, आणि त्या शेवाळावर वळायला जागा नव्हती. आणि मग त्यांनी नाकातून बारीक आवाज काढला. चिंधूचा.

"वच्छे, मले भेव लागते!"

दगडी बारवेत तो आवाज चहूकडून घुमला, कुठून आला ते कळेना. वच्छीनं वळून पाहिलं नाही. तिनं हातातल्या चिंधूकडे पाहिलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "भेऊ नको, चिंधू," ती म्हणाली, "मी हाओ ना." आणि तिनं एक पाय पाण्यात टाकला.

खेळ तसाच होता ना. चिंधूनं भ्यायचं, पोरांनी धीर द्यायचा, एक पाऊल पुढे टाकायचं. दर शनिवारी घोटून घोटून आम्हीच शिकवलं होतं. मी गुरुजींकडे पाहिलं. असा चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

ते पहिली पायरी उतरले. मग दुसरी. वहाणा वरच काढल्या होत्या. उतरता उतरता ते चिंधूच्या आवाजात बोलत होते. "वच्छे, गेलं! माह्यं भेव पार गेलं!"

"खरंच?"

"खरंच. आता मले भेव लागत नाही. पण माह्ये कपडे ओले झाले. मले उन्हात ने. फिरू नको, पाण्याकडंच तोंड ठेव. खाली बस. आता बसल्या बसल्या मांगं सरक. एक पायरी. आता दुसरी."

वच्छी शहाण्या मुलीसारखी पाठमोरी एकेक पायरी वर सरकत आली. गुरुजी एकेक पायरी खाली उतरत गेले. मध्ये किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही. सहाव्या की सातव्या पायरीवर त्यांनी वाकून तिचं पोलकं मागून मुठीत धरलं आणि मग त्यांचा आवाज बंद झाला.

पण आता ते स्वतःच हलेनात. पाणी चार पायऱ्यांवर होतं, आणि त्यांची नजर त्यावर खिळली होती. मी वरून "या, या" म्हणत होते, उतरायचं धैर्य मलाही नव्हतं. शेवटी वच्छीनंच त्यांचं बोट धरलं. "भेऊ नका, गुर्जी," म्हणाली, आणि त्यांना वर घेऊन आली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी वच्छीनं सगळ्या शाळेला सांगितलं, "चिंधू बारवीत गेला. माह्याशी सोताच बोलला. त्याचं भेव गेलं." खोटं ती बोलत नव्हती. आणि चिंधू ज्याला भीत नाही त्याला पोरांनी काय भ्यायचं? त्याच आठवड्यात दोन मुलं खालच्या पायरीवर पाय सोडून बसलेली सापडली. गुरुजी पाटलांकडे गेले, बारवेला कुंपण घाला म्हणाले. पाटील म्हणाले, "गावानं पाणी कोठून भराव?" मग गुरुजीच रोज मधल्या सुट्टीत बारवेच्या वाटेवर काठी घेऊन उभे राहायला लागले. अंगाला कापरं भरायचं, तरी उभे. "मी खोटं बोललो बाई," ते मला म्हणाले. "पोट्टी वर आली, पण भेव खालीच राह्यलं. आता ते कोन आननार?"

त्यांनी आणायचा प्रयत्न केला. पुढच्या शनिवारपासून चिंधू धीर धरीनासा झाला. पोरं ओरडायची आणि तो मान हलवायचा. "नाही. मी नाही जात. भेव हाय तेच बरं हाय." महिनाभर पोरांनी घसे फोडले, मग कंटाळली. चिंधू भेकड झाला म्हणाली. घोंगडीसमोरची गर्दी निम्मी झाली. गुरुजींनी खेळ बदलला नाही.

त्या सुमारास मुंबईत टीव्ही सुरू झाला होता. आमच्याकडे तो कोणी पाहिलेला नव्हता. टीव्हीसाठी मुलांचे कार्यक्रम बसवणाऱ्या एका मंडळातली एक बाई जीपमधून गावोगाव हिंडत आमच्याकडे आली, चिंधूचं नाव ऐकून. हेडमास्तरांच्या आग्रहावरून गुरुजींनी तिला जुना बकरीचा खेळ करून दाखवला. ती हरखून गेली. चिंधू मुंबईला न्यायचा, दर आठवड्याला दाखवायचा, म्हणाली.

"किती पोट्टे पाह्यतीन?" गुरुजींनी विचारलं.

"हजारो, गुरुजी. पुढे लाखो."

"मले दिसतीन काय ते?"

"तुम्हाला कसे दिसतील? ते आपापल्या घरी असणार."

"मंग खेळ झाल्यावर कोन कोठी गेलं, मले कसं समजीन?"

ती शहरी रीतीनं हसली. मला हसू आलं नाही. गुरुजी नाही म्हणाले. पण हेडमास्तरांना मुंबई दिसत होती, जिल्ह्याच्या साहेबांचा निरोप आला, आणि मीसुद्धा, सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी, म्हणाले, "द्या गुरुजी, जिल्ह्याचं नाव होईल." आठ दिवसांनी त्यांनी चिंधूला पंच्यात गुंडाळून तिच्या हवाली केलं, सोबत वळणदार अक्षरात एक कागद. चिंधूला पाण्यात नेऊ नये. उंचावर चढवू नये. विस्तवाजवळ नेऊ नये. त्याचं भेव जाऊ देऊ नये. तिनं कागद पर्समध्ये ठेवला. तिचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण नुसता भिऊन बसलेला बाहुला आठवड्यामागून आठवडे कोण पाहील?

कार्यक्रम चालला, वर्षानुवर्षं चालला. आमच्याकडे टीव्ही नव्हता, त्यामुळे चिंधूची खबर आम्हाला पत्रांतून कळायची. पोरांनी चिंधूला लिहिलेली पत्रं मुंबईवाले गठ्ठा करून गुरुजींना कौतुकानं पाठवत. गुरुजी ती चष्मा लावून वाचत आणि त्यांचा रंग उडत जाई. चिंधू नदीत उतरला. चिंधू झाडाच्या शेंड्यावर चढला. पुण्याच्या एका मुलीनं लिहिलं होतं, "चिंधू गच्चीच्या कठड्यावरून चालला. मीपण आता रविवारी चालणार आहे." गुरुजी त्याच पावली फाट्यावर गेले, मिळेल त्या गाडीनं चिखली गाठली आणि त्या मुलीला चिंधूच्या नावानं तार केली. कठड्यावर चढू नको. चिंधू. पाठोपाठ तीन कार्डं टाकली. उत्तर आलं नाही. मी म्हणाले, पोरांना कुठे आठवतं उत्तर द्यायला. त्यांनी मान हलवली. पण पोस्टमनची सायकल वाजली की ते वर्ग सोडून बाहेर जायचे, निवृत्त होईपर्यंत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चिखलीत, वच्छीच्या घरी. ती तिथेच दिलेली होती, आणि त्यांच्या आळीतला पहिला टीव्ही तिच्याकडे आला होता. तिनं मोठ्या मानानं आम्हा दोघांना बोलावलं होतं. गुरुजी वाळून गेले होते. खोलीत आळीतली पंचवीस-तीस पोरं दाटीवाटीनं बसली होती. वच्छी त्यांना सांगत होती, "हा चिंधू माह्याशी एक डाव बोलला होता, खरंखुरं." गुरुजी जमिनीकडे पाहत होते. तिला त्यांनी खरं कधीच सांगितलं नव्हतं, मीही नाही.

पडद्यावर चिंधू आला. आता त्याच्या भुवया कुणीतरी खाली आणल्या होत्या, तो हसत होता. तो एका विहिरीच्या काठावर उभा होता. पोरं टाळ्या पिटायला लागली. मी वळून पाहिलं तर गुरुजींची जागा रिकामी.

ते परसात होते. वच्छीच्या परसात आड होता, हातभर उंच कठड्याचा. गुरुजी त्या कठड्यावर बसले होते, आडाकडे पाठ, दाराकडे तोंड, दोन्ही हातांनी दगड धरलेला, सगळं अंग लटलट कापत. मी म्हणाले, "गुरुजी, उतरा, पडाल."

"जा तुमी. पाहा. पोट्टे घरी जाईस्तोर बसतो मी अठीच."

मी गेले नाही. दारात उभी राहिले. कार्यक्रम संपला, पोरं गलका करत पुढच्या दारानं पांगली. वच्छीनं शेवटच्याला त्याच्या आईच्या हाती दिलं आणि येऊन मला सांगितलं. मी आडापाशी गेले.

"उठा गुरुजी. गेले सगळे."

"हे झाले अठले," ते म्हणाले. "बाकीचे?"

आणि ते बसूनच राहिले.